नावाचं कडवं

सौंसर
२२ मार्च १९८७

प्रिय शालिक,

जयभीम. या वेळी वर 'शालिकभाऊ' नाही, हे तू पत्र उघडताच पाहिलं असशील. ते चुकून राहिलेलं नाही. का, ते शेवटी सांगते. आधीच सांगून टाकलं तर बाकीचं लिहायला माझ्यात धीर उरणार नाही.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. सारणीच्या क्वार्टरला एकदाचा नळ आला, उशीवरसुद्धा वीजघराच्या राखेचा थर बसतो, खानावळवाला वरणात पाणी घालतो की पाण्यात वरण हे तुला अजून ठरवता आलेलं नाही. सगळं वाचलं, हसले. आणि मग शेवटी ती ओळ आली. "गाणं जोडणं आता बंद केलं. माझं नाव काही लोकांपर्यंत जात नाही, मग उगाच कशाला?" तेव्हापासून उत्तर लिहायला बसते आणि उठते. तुझं नाव लोकांपर्यंत जात नव्हतं हे खरं आहे, शालिक. पण ते आपोआप अडलं नाही. मी अडवलं.

आधी बातमी सांगते. येत्या चौदा एप्रिलला पांढुर्ण्यात पुंडलिकरावांच्या गाण्याच्या पार्टीचा कार्यक्रम आहे आणि त्यात ते तुझं 'पायवाट' म्हणणार आहेत. नागपूरचे पुंडलिकराव, ज्यांच्या कॅसेटी इथल्या प्रत्येक पानठेल्यावर वाजतात, तेच. त्यांना ऐकायला आपली सगळी वस्ती ट्रकमध्ये उभी राहून लोधीखेड्याला गेली होती आणि येताना तुझी एक चप्पल ट्रकमधून पडली होती. त्यांना तुझं गाणं आवडलं. पण हे वाचून खूश व्हायची घाई करू नकोस. शेवटच्या कडव्यात ते 'शालिक म्हणे' म्हणणार नाहीत, 'पुंडलिक म्हणे' म्हणणार आहेत. पुढं ते कॅसेटमध्ये जाईल. एकदा कॅसेटमध्ये गेलं की ते गाणं जन्मभर त्यांचं. त्यांनी चोरी केलेली नाही. या गाण्याला कोणी धनी नाही, असं मीच त्यांना सांगितलं.

कसं झालं ते नीट सांगते, कारण तू गेल्यापासून माझ्या कार्यक्रमांबद्दल मी तुला नुसतं चांगलं तेवढंच लिहिलं. लोक खूप होते, माईक छान होता, बाबा खूश होते. खरं चित्र असं आहे. मोठी पार्टी संध्याकाळी येणार असं पोस्टरवर लिहितात आणि ती कधी येईल ते तिलाही माहीत नसतं. तोवर मंडप रिकामा दिसू नये म्हणून मला बसवतात. मंडळवाले या कामाला 'लोकं बसवणं' म्हणतात. "छायाबाई, तुम्ही फक्त लोकं बसवा जी, बाकी पार्टी पाहून घेते." मी एकटी, माझी पेटी आणि मागं सायकल धरून उभे बाबा. पांढुर्ण्यात माईकवरच्या माणसानं मोठ्या थाटात 'छायाबाई आणि पार्टी' असं पुकारलं, तर पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "एकटीच तं दिसते. पार्टी कुठं हाय बे?" बाबा मागून ओरडले, "मी हाय न पार्टी! सायकलसकट हाय!" सगळा मंडप हसला. त्या दिवशी तेवढीच दाद मिळाली, आणि तीही बाबांना.

लोक बसवणारीचं गाणं कोणी ऐकत नाही. त्या गाण्यावर लोक जागा धरतात. बायका पोत्यांचे बोरे अंथरतात, भांडतात, "सरक व, माही सासू यायची हाय" चालू असतं. लोधीखेड्याला मी दुसऱ्या कडव्यात होते आणि मंडळाच्या सचिवानं माझ्यासमोरचा माईक उचलून पुकारलं, "लाल फ्राकवाली पोट्टी सापडली हाय, जिची असंल तिनं घेऊन जा." माईक परत ठेवला, पण ती पोट्टीही माझ्याशेजारीच बसवली. पुढचं कडवं आम्ही दोघींनी म्हटलं, मी गाऊन आणि तिनं रडून. लोकांनी मान वर करून पाहिलं ते तिच्याकडे. मोठी पार्टी आली की त्यांचा तबलजी माझ्या कानाशी बसून हातोडीनं तबला ठोकायला लागतो, त्याचा सूर एक आणि माझा एक. पांढुर्ण्यात तर मंडळाकडे हार एकच होता. तो माझ्या गळ्यात घातला, फोटो काढला, आणि पार्टी आल्याबरोबर अध्यक्ष वाकून म्हणाले, "ताई, वाईट नका मानू, थो हार द्या जरा." मी काढून दिला. पुंडलिकरावांच्या गळ्यात तो पडला तेव्हा त्यांनी आधी हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्यांसमोर मला हात जोडले. त्यांना कळलं होतं. म्हणून म्हणते, माणूस वाईट नाही.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मला खरंच कमीपणा वाटत नव्हता. सकाळी माझ्या प्रौढ शिक्षा केंद्रात ज्या बाया पाटीसमोर बसून डुलक्या घेतात, त्याच संध्याकाळी मंडपात डोळे उघडे ठेवून बसतात. त्यांच्या कानावर गाण्यातून 'शाळा' हा शब्द पडला तर माझं काम झालं, असं मी मानत आले. तू यावरून मला चिडवायचास. "छाया, तू गात नाही, हजेरी घेते." असेल. पण मी त्या मंडपांत मनापासून जात होते. एवढ्या चांगल्या कामात माझ्या हातून वाईट काही होऊ शकेल असं मला वाटतच नव्हतं. तिथंच मी फसले.

लोक बसवणाऱ्याला नियम एकच. पार्टी दिसली की जिथं असाल तिथं थांबायचं, ओळ अर्धी असली तरी. आणि आपल्याकडे गाणं रचणाऱ्याचं, जोडणाऱ्याचं नाव येतं ते अगदी शेवटच्या कडव्यात. ते कडवं राहिलं की गाणं कोणाचं ते कळायला दुसरा रस्ता नाही. हेच कारण मी तुला पत्रामागून पत्रात देत राहिले. रामाकोन्याला पार्टी आली, शेवटचं कडवं राहिलं. लोधीखेड्याला राहिलं. पांढुर्ण्यात राहिलं, पुन्हा गेले तेव्हा पुन्हा राहिलं. आणि तू दर वेळी माझीच समजूत घालायचास. "जाऊ दे, पुढच्या वेळी होईल, तू घशाला जप." ती वाक्यं वाचताना मला काय व्हायचं ते मी तुला आज सांगू शकते. कारण रामाकोन्याला खरंच पार्टी आली होती. त्यानंतर मात्र मी पार्टीची वाट पाहू लागले.

'पायवाट' मी मुद्दाम अशा वेळी सुरू करायची की मध्येच पार्टी येईल. धृपद पुन्हा पुन्हा घ्यायची. पेटीवर उगाच फिरत बसायची. दुसरं कडवं झालं की 'माताभगिनींनो' म्हणून शिक्षणावर चार शब्द बोलायची, चाराचे चाळीस करायची. तुला वाटत असेल छाया ऐन गाण्यात भाषण का करते. मी वेळ काढत होते. जीपचे दिवे दिसले की सगळा मंडप उठायचा, पोरं पळायची, आणि पेटीचा भाता मिटताना मला सुटल्यासारखं वाटायचं. घरी येऊन तुला लिहायची की थोडक्यात राहिलं. एकदा तर पार्टी फारच उशिरा आली. सगळे उपाय संपले, तेव्हा मी घसा बसला म्हणून पाणी मागितलं आणि पेला हातात धरून बसून राहिले. त्याच पत्राला तू सुंठीचा काढा लिहून पाठवलास.

का केलं, हे सांगायला तू सारणीला गेलास त्या आठवड्यात जावं लागेल. विहाराच्या पायरीवर बसून तू मला चाल दिलीस, शेवटचं कडवं मात्र रस्त्याकडे पाहत, घाईघाईनं म्हणून टाकलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात पेटी काढली आणि अख्खं गाणं म्हणून पाहिलं.

तुडवली पायवाट, मायनं तुडवली,
मजुरीच्या वाटेनं शाळा सापडली.

मधली कडवी झाली, आणि शेवटी, मोकळ्या आवाजात:

शालिक म्हणे पोरी, मागं नको पाहू,
वाट नवी झाली, आता संगं जाऊ.

कुंपणापलीकडे केसरबाई मिरच्या खुडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "काहून व छाया, नाव घेऊन राहिली का?" मला आधी समजलंच नाही. "नाव व, नाव! लग्नात घेतात थे! अन् आम्हाले बोलावलं नाही? जेवणावळ उठली का आमच्या माघारी?" तिच्या ओट्यावरच्या बाया खो खो हसल्या. एकीनं विचारलं, शालिक म्हणजे कोणता, थो बारकासा, विहारात चटया उचलते थो? मी पेटी मिटून आत गेले. आत जाऊन भिंतीला टेकले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुरुषानं 'शालिक म्हणे' म्हटलं तर तो जोडणाऱ्याचा मान. मी म्हटलं तर ते नाव घेणं. चारचौघांत, ओळीत गुंफून, एका बाईनं एका पुरुषाचं नाव घेतलं की आपल्याकडे त्याचा दुसरा अर्थच नाही. वर पुन्हा 'संगं जाऊ'! तू हे जोडलंस तेव्हा तुझ्या ध्यानात आलं होतं की नाही, हे मी आजवर विचारलं नाही.

केसरबाई मनानं वाईट नाही. संध्याकाळी ती भाकरी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "चेष्टा केली व. पण ऐक. माह्या सुशीलेले मी तुह्या भरवशावर नववीत ठेवली. तिचा बाप रोज म्हणते, पोट्टी मोठी झाली, काढ शाळेतून. मी त्याले तुहं नाव सांगून गप बसवून राहिली. तुह्यामागं चार पोट्ट्या हायेत, एवढं ध्यानात ठेव."

शालिक, या वाक्यानं मी चढून गेले. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. बाबांनी जिनात कापसाच्या गाठी वाहून मला परीक्षेला बसवलं. वस्तीतल्या आया माझ्याकडे बोट दाखवून मुलींना अभ्यासाला बसवतात. तेव्हा माझ्याबद्दल एक शब्द निघाला की चार मुलींच्या शाळा सुटणार, म्हणून मी एक नाव गिळलं तर तो त्याग झाला, असं मी स्वतःला पटवलं. त्याग! यात माझं काय गेलं होतं? गेलं ते तुझं. दुसऱ्याच्या खिशातलं दान करून मी स्वतःला मोठी समजत होते. मार्ग काढायचा प्रयत्नच केला नाही असंही नाही. 'शालिकभाऊ म्हणे' करून पाहिलं. तालात बसेना, 'भाऊ' मंडपाच्या बाहेर लोंबायचा. आणि खरं सांगायचं तर माझीच जीभ तिथं वळायची नाही. चारचौघांत तुला भाऊ म्हणणं वेगळं. गाण्यात तुला भाऊ म्हणायला मला जमलं नाही.

आता या फेब्रुवारीतलं. रमाईच्या जयंतीला आपल्या सौंसरलाच दुपारचा कार्यक्रम होता, मंडप बायांनी भरलेला. पुंडलिकरावांच्या पार्टीची जीप सावनेरजवळ पंक्चर झाल्याचा निरोप आला आणि सचिव म्हणाले, "छायाबाई, आज सगळा टाइम तुमचाच." 'पायवाट' मी मुद्दाम मागं ठेवलं. सगळी गाणी म्हणून झाली. बाया एरवी बोलत असतात, त्या दिवशी ऐकत होत्या. 'पायवाट' सुरू केलं तर धृपद त्यांनीच उचललं. मी भाषण करायला थांबले तर मागून आवाज आला, "भाषण नोको व, गाणं म्हण!" मी तिसऱ्या कडव्यात असताना जीप आली. नेहमीसारखी पेटी मिटायला लागले. पुंडलिकराव खाली मंडपाच्या खांबाशी उभे राहिले आणि त्यांनी हातानं खूण केली, होऊ दे, पुरं कर. त्यांच्या तबलजीला त्यांनी खाली बसवलं. आजवर कोणी मला गाणं पुरं करू दिलं नव्हतं, आणि ज्यानं करू दिलं त्यानंच मला कोंडीत धरलं. समोर केसरबाई, तिच्याशेजारी वेणी घातलेली सुशीला. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "माय म्हणे पोरी, मागं नको पाहू." टाळ्या पडल्या, शालिक. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या खऱ्या टाळ्या, आणि मला त्या मंडपातून पळून जावंसं वाटत होतं.

मी मंचावरून उतरताना पुंडलिकरावांनी मला थांबवलं. "गाणं पुरं झालं, पण नाव नाही आलं. कोणाचं हाय?" कोणाचं नाही जी, मी म्हटलं, जुनं आहे, कापूस वेचताना बाया म्हणतात. ते हसले. "बायाच्या गाण्यात शाळा कवापासून आली?" आताशा आली जी, असं मी म्हटलं. एवढं निर्लज्ज उत्तर मी शाळेतसुद्धा कधी दिलं नव्हतं. ते म्हणाले, "मंग हे मी घेतो. बेवारस गाणं रस्त्यावर पडू देऊ नये." मी मान हलवली.

तुझं पत्र त्यानंतर आलं. 'गाणं जोडणं बंद केलं.' तोवर मला वाटत होतं की मी तुझं फक्त नाव दाबते आहे. त्या ओळीनं कळलं की मी तुझी पुढची सगळी गाणीच थांबवली. जी झाली नाहीत त्या गाण्यांचं काय करायचं, मला सांग. त्यांची तर माफीसुद्धा मागता येत नाही.

परवा पुंडलिकराव तारखा पक्क्या करायला सौंसरला आले होते. मला सचिवांच्या ओसरीवर बोलावलं, बाबा सोबत होतेच. पांढुर्ण्याच्या कार्यक्रमात पार्टीच्या आधीची वेळ मला द्यायची, असं त्यांनी स्वतः सांगितलं. 'पायवाट' ते म्हणणार, आणि हे गाणं छायाबाईकडून मिळालं असं माईकवर सांगणार. "फक्त तेवढं गाणं तुम्ही आधी म्हणू नका जी. नाव मी माहं टाकलं. बेवारसाले बाप पाहिजे." मी सगळं बळ एकवटून म्हटलं, जी, त्या गाण्याला धनी आहे. "तवा नोहता, आता निघाला? कोण हाय?" शालिकराम, मी म्हटलं, इथलाच आहे, सारणीला नोकरीला असतो. "तुमचा कोण?" सचिवांनी बशीतला चहा तसाच धरून ठेवला. आणि मी, बी.ए. झालेली, मुलींना धीट व्हा म्हणून सांगत फिरणारी मी, काय म्हणाले असेन? भाऊ आहे जी, असं म्हणाले. बाबा सायकलचं हँडल पुसत होते, त्यांचा हात थांबला. पुंडलिकरावांनी ते पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "भावाचं नाव घ्यायले कशाची लाज, बाई? भाऊ असता तं पह्यल्याच दिवशी घेतलं असतं."

मी खाली पाहत होते. त्यांनी मला जास्त छळलं नाही. म्हणाले, "पाहा, आमच्या धंद्यात सांगोवांगी चालत नाही. आज तुम्ही म्हणता शालिक, उद्या कोणी म्हणंल माहा मामा. ज्याचं नाव चार लोकांसमोर माईकवर घेतलं त्याचं गाणं. चौदा तारखेले तुमच्या टायमात नावासकट म्हणा. मी तेच नाव ठेवीन, कॅसेटमध्येबी ठेवीन. नाही म्हटलं, तं पुंडलिकाचं." यापेक्षा न्यायाचं काय बोलणार कोणी?

घरी येताना बाबा सायकल हातात धरून चालत होते, बोलत नव्हते. मला वाटलं आता माझं गाणं संपलं. जिनाच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "थो शालिक. बिडी ओढते का?" नाही, मी म्हटलं. "दारू?" नाही बाबा. आणखी थोडं चालल्यावर म्हणाले, "नाव घ्यायचं असंल तं जोरात घेजो. मागं सायकलपाशी ऐकू येत नाही." बस, एवढंच. रात्री जेवताना त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र पोटभर रडले, आणि आईला मिरची लागली असं सांगितलं. केसरबाईला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. सुशीलेला शाळेतून काढायला निघाले तर मी तिच्या बापाच्या दारात जाऊन बसेन, भांडेन. पण तिच्या शाळेचं मोल तुझ्या नावानं चुकवायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता, हे आता कळतं.

तर हे पत्र कशासाठी, ते ऐक. चौदा तारखेला पांढुर्ण्यात मी 'पायवाट' म्हणणार आहे, आणि शेवटच्या कडव्यापासून सुरू करणार आहे. पार्टी लवकर येवो, कोणाची पोट्टी हरवो, माईक बंद पडो, माझ्या तोंडून निघालेली पहिलीच ओळ 'शालिक म्हणे' ही असेल. माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही, म्हणून ही युक्ती. उलटं गाणं ऐकून लोक हसतील, हसू देत. नाव घ्यायला मी तुझी परवानगी मागत नाही. ते तुझं आहे आणि मी ते फार दिवस माझ्याकडे दाबून ठेवलं, त्याबद्दल तू जे बोलशील ते मी ऐकून घेईन. परवानगी हवी आहे ती त्याच्या खालच्या ओळीची. 'आता संगं जाऊ' हे तू अख्ख्या वस्तीला म्हटलं होतंस की एकाच कोणाला, मला माहीत नाही. मी म्हणेन तेव्हा मंडप त्याचा एकच अर्थ काढेल, आणि माझ्याकडून तो खोटा नसेल. वर 'भाऊ' लिहिलं नाही ते म्हणूनच. तुझ्याकडून असेल, तर तेवढी एक ओळ बदलून पाठव. मी पाठ करीन, वाईट वाटून घेणार नाही, आणि घेतलंच तर तुला कळू देणार नाही. बदलायची नसेल, तर काही लिहू नकोस. आहे तशीच म्हणेन.

तुझीच,
छाया